आपलाच डोनट चांगला

४ फेब्रुवारी

बाबांनी आज सांगून टाकलं. महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही, तर आमचं पाव-डोनटचं दुकान बंद करायचं. काउंटर पुसता पुसता सांगितलं, साखर संपली आहे असं सांगावं तसं. आत्या म्हणाली, "मग मी दिवसभर बसू कुठे?" आईनं मान वरही केली नाही. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

गिऱ्हाईक कुठे गेलं ते आम्हाला रोज समोरच दिसतं. रस्त्यापलीकडे काचवाल्यांची बेकरी आहे. आख्खी भिंत काचेची, आत गुलाबी दिवे. आणि पुलापलीकडे लांब्या. मी शाळेत जायच्या आधीपासून तो बाबांच्या हाताखाली होता. गेल्या हिवाळ्यात, बाबांच्या त्या लांबलेल्या तापानंतर, दोघांचं काहीतरी बिनसलं. बाबांनी त्याला दुकानातून जायला सांगितलं आणि त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. काय झालं होतं, विचारलं तर बाबा म्हणतात, "डोकं फिरलं त्याचं."

पण आत्याच्या ओळखीच्या नर्सबाईंनी एक बातमी आणली आहे. त्यांच्या रुग्णालयाच्या कॅन्टीनला रोज सकाळी डोनट हवे आहेत, दूध, लोणी, अंडं काहीही नसलेले. व्हीगन. सत्तावीस तारखेला तिन्ही दुकानांचे डोनट चाखून एकाला काम देणार.

मी कॉलेजात असताना हेच सांगत होते! ग्रंथालयात वासरांबद्दल वाचलं आणि त्या दिवसापासून दूध सोडलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "लोणी नसलेला डोनट म्हणजे टायर." आज म्हणाले, "तू कर. मी मदत करतो."

माझ्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. त्या पदवीचा या घराला अजून काही उपयोग झालेला नाही. आता होईल. झालाच पाहिजे.

७ फेब्रुवारी

पहिला घाणा उतरला. आत्यानं एक उचलला, टेबलावर आपटला आणि म्हणाली, "दाराला लाव. वाऱ्यानं आपटणार नाही." बाबांनी मात्र शांतपणे खाल्ला आणि मला विचारलं, "तुला कसा वाटला?"

मला! आजवर या दुकानात माझं मत कुणी विचारलं नव्हतं. "शिकलेली आहेस, पिठात हात कशाला घालतेस" म्हणून मला भट्टीपासून लांबच ठेवलं. तापातून उठल्यापासून बाबा बदललेत. ऐकून घेतात. तेल तपासायचं कामसुद्धा त्यांनी आईला देऊन टाकलंय. तळून उरलेलं तेल आम्ही गाळून परत डब्यात ओततो, वर नवं घालतो. सगळं तेल कधी फेकायचं हे पूर्वी बाबाच रोज सकाळी डब्याचा वास घेऊन ठरवायचे. आता आई उठल्या उठल्या डब्यात डोकावते. घरात खरंच काहीतरी नवं घडतंय.

९ फेब्रुवारी

मागच्या टेबलावर तिन्ही दुकानांचे व्हीगन डोनट मांडले. आमचा, काचवाल्यांचा, लांब्याचा. मी, बाबा आणि आई. शास्त्रशुद्ध करायचं म्हणून मध्ये पाण्याचे पेले ठेवले.

आई म्हणाली, "तू सांग आधी."

काचवाल्यांचा दिसायला देखणा. पण साखर दातांवर कचकचते आणि आत ओला कापूस. लांब्याचा ठीक. जरा जास्तच मऊ आहे, चावावंच लागत नाही, ते मला आवडलं नाही. आमचा थोडा कडक असेल, पण प्रामाणिक आहे. खाल्ल्यावर काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं.

"आपलाच चांगला," मी म्हटलं.

बाबांनी तिन्हींचा एकेक तुकडा सावकाश चावला. मान हलवली. "हो. आपलाच."

आईनं स्वतःचा तुकडा तसाच ठेवला आणि पेले उचलायला लागली.

११ फेब्रुवारी

भट्टीत पावांचा आख्खा ट्रे जळला. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, वर्तमानपत्र वाचत. आत्या रस्त्यावरून ओरडत आत आली. तिला, जिच्या नाकात कायम तपकीर, तिला धूर दिसला, आणि यांना पत्ता नाही! "दादा, कुठे हरवता हो?" बाबा ट्रेकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "जरा विचारात होतो."

काळजी माणसाला किती पोखरते. मला रडू आलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१३ फेब्रुवारी

आज काचवाल्यांनी नवा व्हीगन डोनट काढला. मी चाखून म्हटलं, "व्हॅनिला." बाबा म्हणाले, "हो, व्हॅनिला. भरपूर घातलंय." थोड्या वेळानं त्यांच्याकडची काउंटरवरची मुलगी सुटे पैसे मागायला आली, तिला आत्यानं विचारलंच. ती म्हणाली, "व्हॅनिला कुठलं? संत्र्याची साल आहे." मी ओशाळले. बाबा लगेच म्हणाले, "तेच ते. संत्रंच."

आत्या हसली. "दादा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. जिकडे घोडा तिकडे स्वार."

लहानपणी बाबांबरोबर बाजारातून परत येताना ते डोळे मिटून सांगायचे, कुणाच्या घरी कांदा करपलाय, कुणाकडे आंबवण जास्त झालंय. आता माझी चूक सांभाळायला स्वतःचं मत गिळतात. मला इतका मान नको आहे. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटतं.

१६ फेब्रुवारी

लांब्या आला होता. बाबा पिठाची पोती आणायला गेले होते नेमके तेव्हा. दाराच्या चौकटीत वाकून उभा राहिला, कारण सरळ उभा राहिला तर डोकं आपटतं.

"काय मॅडम, उस्तादांची तब्येत काय म्हणते?"

"उत्तम. तुम्हाला काळजी?"

"जेवण जातं का नीट?"

"लांब्याकाका, हेरगिरी करायची तर जरा बेतानं करा."

तो हसला नाही. भट्टीकडे बघितलं, तेलाच्या डब्याकडे बघितलं. "वहिनी आहेत ना सकाळी? बरं. तू पण बघत जा. तेल तू स्वतः बघत जा."

मी म्हटलं, या दुकानात तेल कसं बघायचं हे तुम्हाला ज्यांनी शिकवलं ते अजून जिवंत आहेत. तो काहीतरी बोलणार होता. आत्या पुढे येऊन म्हणाली, "घेणार आहेस काही, की नुसता उजेड अडवतोस?" तेव्हा त्यानं आमचा एक डोनट विकत घेतला आणि गेला.

बाबांना सांगितलं नाही. ज्या ताटात खाल्लं त्यालाच नावं ठेवायची! इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

१९ फेब्रुवारी

मावशीचं ऑपरेशन अचानक ठरलं, आईला जावं लागलं. तिचा पाय निघत नव्हता. पिशवी भरून झाल्यावर चारदा स्वयंपाकघरात गेली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना भट्टीपाशी एकटं सोडू नकोस. आणि तेल तू बघ."

आता आईसुद्धा लांब्यासारखं बोलायला लागली. बाबांना सगळ्यांनी म्हातारं करून टाकलंय.

२२ फेब्रुवारी

सर्दी. डोकं दगड झालंय, दोन्ही नाकपुड्या बंद. सकाळी डोनट चावला, तो लाकडाचा भुसा होता की काय होता, देव जाणे. आणि हे आताच व्हायचं होतं! परवापर्यंत पाककृती पक्की करायची होती.

नशीब बाबा आहेत. मी त्यांना म्हटलं, "आता सगळं तुमच्यावर. तेल बघा ना." त्यांनी डबा उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"ठीक वाटतंय," म्हणाले. मग म्हणाले, "आत्याला विचार एकदा."

आत्या म्हणाली, "माझ्या नाकात तपकिरीशिवाय दुसऱ्या कशाला जागाच नाही." मी हसले. बाबा हसले नाहीत.

तेल फेकून सगळं नवं घ्यावं असं एकदा मनात आलं. पण बाबा ठीक म्हणालेत. त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

२४ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, "नको जाऊया आपण सत्तावीसला."

मला वाटलं चेष्टा करतायत. ते घमेलं धूत होते. धुतलेलंच पुन्हा धूत होते. मी विचारलं का. म्हणाले, "तुझी आई नाही. तुला बरं नाही. राहू दे."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, मी महिनाभर राबतेय ते कशासाठी? तुम्ही तीस वर्षं खपून उभं केलेलं दुकान तुम्हालाच नकोय का? आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले. "तुम्हाला लांब्याकडून हरायची भीती वाटते."

त्यांनी घमेलं उपडं ठेवलं. "बरं. जाऊ," म्हणाले.

२६ फेब्रुवारी

काही सुचत नाही. आज पावसुद्धा विकले गेले नाहीत. आत्यानं ते अंगणातल्या कबुतरांना घातले, तर कबुतरं काचवाल्यांच्या पायरीवर जाऊन बसली. उद्या नाही जमलं तर आमच्याकडे दुसरं काही नाही. बाबांना दुसरं काही येत नाही. मला तर काहीच येत नाही.

२७ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमानं लिहिते.

कॅन्टीनच्या मागच्या दाराशी एक बाक होता. आम्ही डबा मांडीवर घेऊन बसलो. काचवाल्यांची माणसं आधीच आत होती. लांब्या आला, बाबांच्या पाया पडला. बाबांनी पाय मागे घेतले, पण त्याच्या खांद्याला त्यांचा हात लागला तो तसाच राहिला.

मी डबा उघडून डोनट नीट लावत होते. लांब्या एकदम माझ्याकडे वळला. वाकला. माझ्या हातातला डोनट त्यानं हिसकावलाच म्हणा ना, मोडला, आणि नाकाशी नेला. त्याचा चेहरा पडला.

"उस्ताद, हे आत नेऊ नका."

मी उभी राहिले. काय काय बोलले आठवत नाही. लाज नाही वाटत, स्पर्धा अशी जिंकायची का, ज्यांनी तुम्हाला माणूस केलं त्यांनाच घाबरवता. कॅन्टीनमधली भांडी घासणारी बाई दारात येऊन बघायला लागली.

लांब्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "खवट आहे, उस्ताद. तेल गेलंय."

मी बाबांकडे वळले. म्हटलं, "बाबा, सांगा ना याला! तुम्ही काल खाल्लात ना? आज सकाळी खाल्लात ना?"

बाबांनी तो मोडलेला डोनट हातात घेतला. नाकाशी नेला नाही. नुसताच बघितला.

"तो म्हणतोय म्हणजे असेल," बाबा म्हणाले.

"असेल म्हणजे? तुम्हाला कळत नाही?"

बाबांनी दोन्ही तुकडे डब्यात परत ठेवले. लांब्या जमिनीकडे बघायला लागला. आणि मला माझ्या बंद नाकानं तिथे उभं राहून सगळं कळलं. जळालेला ट्रे. संत्र्याची साल. तू सांग आधी. ताप.

मी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं आता आम्ही गुपचूप घरी जाऊ. पण तेवढ्यात कॅन्टीनच्या मॅडमनी आमच्या दुकानाचं नाव पुकारलं, आणि बाबा उठून आत गेले. रिकाम्या हातांनी. मी मागोमाग धावले. आत लांब टेबल, पांढऱ्या कोटातली चार-पाच माणसं, पाण्याचे पेले.

"आमचा डबा धरू नका," बाबा म्हणाले. "खराब झालाय माल. मला वास येत नाही. चवही नाही. तापात गेली, परत आली नाही. मुलीला माहीत नव्हतं, तिचा दोष नाही."

काचवाल्यांचा माणूस तोंडात डोनट घेऊन तसाच थांबला. मॅडम म्हणाल्या, "बसा ना, पाणी घ्या." बाबा म्हणाले, "नको, दुकान उघडं आहे."

दुकान उघडं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

काम लांब्याला मिळालं.

आई आली. मी तिच्यावर ओरडले, मला का सांगितलं नाही म्हणून. ती पिशवीतले कपडे काढून घड्या घालत होती. म्हणाली, "शपथ घातली होती मला. भटारखान्यातल्या माणसाला वास येत नाही हे बाहेर कळलं की संपलं, म्हणाले. लांब्यानं ओळखलं, घरी सांगा म्हणून मागे लागला, तर त्याला घालवून दिलं. आणि मग तू भट्टीपाशी आलीस. इतक्या खात्रीनं सांगायचीस सगळं, आपलाच चांगला, आपलाच चांगला. त्यांना वाटलं, आता ही आहे."

"तुला कसा लागायचा आपला?" मी विचारलं.

आईनं एक घडी मोडून पुन्हा घातली. "तुझ्या तोंडाकडे बघून बोलवायचं नाही."

१ मार्च

बाबा उठले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. जेवण तसंच परत येतं. आत्या दाराशी जाऊन म्हणाली, "दादा, उठा. तुम्हाला चव नाही तर वहिनीच्या हातचं खायला अडचण काय?" एरवी या बोलण्यावर घरात दंगा झाला असता. आज बाबांनी नुसती चादर डोक्यावर ओढली.

जागेचे मालक येऊन गेले. परवा किल्ली न्यायला येतो म्हणाले. आई "बरं" म्हणाली.

माझं नाक थोडं मोकळं झालंय. दुकानात गेले, आणि दारातच थांबले. भिंती, फडकी, टेबल, सगळ्याला तो वास. मी त्यात दिवसच्या दिवस उभी होते. डबा रिकामा केला, सोडा घालून घासला, पुन्हा घासला. मग तिथेच खाली बसले. बाबांना सगळ्या जगासमोर ते बोलायला मी लावलं. भीती वाटते म्हणाले होते मी त्यांना.

३ मार्च

पहाटे एकटीनं भट्टी लावली. कशासाठी, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी किल्ली जाणार होती. नवं तेल आणलं, पीठ मळलं. खांदे भरून आले तशी अर्ध्यात सोडलं. आठ-दहा डोनट निघाले. उजाडल्यावर पुलापलीकडे गेले. लांब्या कॅन्टीनचे ट्रे भरत होता. मला बघून एक डोनट कागदात बांधून दिला, पैसे घेतले नाहीत, बोललाही नाही. मी पण बोलले नाही. माफी मागायला गेले होते, ती परत घेऊन आले. उद्या पुन्हा जाईन.

बाबांच्या खाटेपाशी स्टूल ओढलं आणि दोन बशा ठेवल्या.

"कशाला?" ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मला दोन्ही मातीच."

"तुम्ही नका खाऊ. मी खाते."

आमचा चावला. मला नेहमीसारखं बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं. या माणसाला आज तेवढं तरी द्यावं असं वाटलं. पण महिनाभर मी तेच तर देत होते.

मग लांब्याचा चावला.

"लांब्याचा चांगला आहे," मी म्हटलं.

मी आणखी एक तुकडा मोडला.

"बराच चांगला आहे, बाबा. आधीपासूनच होता."

"बराच म्हणजे कसा?"

"मऊ आहे."

"मऊ उशीपण असते. चावताना काय होतं ते सांग."

मी पुन्हा एक घास घेतला. या वेळी डोळे मिटून. "दातांना आधी जरा अडतो. मग ओढला जातो, आणि सुटतो. जायफळ लगेच येत नाही, गिळल्यावर येतं. आपला चुरा होतो. ओढला जात नाही. आणि गोड सगळं पुढेच लागतं, मागे काही राहत नाही."

बाबा वळले. डोळे सुजलेले होते, दाढी वाढलेली. आमच्या डोनटला त्यांनी बोट लावलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग मधोमध फाडून आतली जाळी खिडकीच्या उजेडात धरली.

"पीठ अर्ध्यात सोडलंस."

"हात दुखले."

"दुखणारच. तेव्हाच तर ते व्हायला लागतं." त्यांनी तुकडा बशीत ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कॅन्टीनमधल्या त्या दिवसाचं काहीतरी बोलतील.

"आज पहिल्यांदा दुसऱ्याचा चांगला म्हणालीस," ते म्हणाले. "आता तुझ्या जिभेवर विसंबायला हरकत नाही."

मग त्यांनी आईला हाक मारून विचारलं, मालक किती वाजता येणार आहे, आणि त्याला आणखी महिनाभर थांब म्हणून कोण सांगणार आहे.

"मी सांगते," स्वयंपाकघरातून आत्या ओरडली. "त्याला कसं सांगायचं ते मला चांगलं ठाऊक आहे."

बाबा उठून बसले आणि खुंटीवरच्या सदऱ्याकडे हात केला. मी तो काढून दिला. त्यांची बटणं लावून होईपर्यंत मी लांब्याचा राहिलेला डोनट हळूहळू खात होते, आणि प्रत्येक घासाला काय लागतंय ते त्यांना सांगत होते.